गुडघ्याखालचं रान

जूनच्या सुरुवातीला वळवाचे दोन-चार दणके बसून गेले, की मावळ तालुक्यातल्या औंढ्याच्या आसपासच्या रानात कातकरी बायका वाकून चालताना दिसतात. त्यांची नजर झाडांच्या शेंड्यांकडे नसते, पायाशी असते. ओल्या पाचोळ्यातून मातकट जांभळा, टोकदार कोंब वर आलेला असतो. ते शेवळं. त्याचा हंगाम जेमतेम काही दिवसांचा. घशाला खाज सुटू नये म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, आणि तीही त्याच सुमारास त्याच रानात मिळतात. बाजारात शेवळांच्या जुड्या आल्या की ज्यांना चव ठाऊक आहे ते भाव न करता घेऊन जातात.

या बायका कुठल्या रानात शिरतात आणि कुठलं रान नुसतं ओलांडून जातात, याकडे मी काही वर्षं लक्ष ठेवून आहे. उतारावर ओळीनं लावलेली गिरीपुष्पाची झाडी लागते, तिथं त्या थांबत नाहीत. पलीकडे ओढ्याकाठी जांभूळ, अंजन, हिरडा आणि मध्ये करवंदीच्या जाळ्या, असं कसंही वाढलेलं रान आहे, तिथं त्या पांगतात. द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्याला हे दोन्ही उतार सारखेच हिरवे दिसतात. आकाशातून टिपणाऱ्या उपग्रहालाही. फरक कळतो तो वाकणाऱ्याला.

लावलेल्या जंगलाची परीक्षा लावलेल्या झाडांवरून होत नाही, असं माझं म्हणणं आहे. त्या झाडांखाली कुणी न लावता काय उगवून आलं, यावरून ती व्हायला हवी. ही गोष्ट वनांपुरतीच खरी आहे असंही मला वाटत नाही. पुढे मी मदरशातल्या संगणकापर्यंत जाणार आहे, आणि ती वाट मुद्दाम धरणार आहे. पण आधी रान.

वनखात्याच्या भाषेत लावलेल्या जंगलाला रोपवन म्हणतात. त्याखाली जे वाढतं त्याला आपण झाडोरा म्हणतो, जाळी म्हणतो, गचपण म्हणतो, तण म्हणतो. यातली निम्मी नावं तक्रारीची आहेत. मावळातल्या माणसाचं वर्ष मात्र या तक्रारीच्या नावांनीच भरलेलं असतं. वैशाखात करवंदं. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग फोडशी, चाई, कवळा, भारंगीचा कोवळा पाला, कुरडू, टाकळा. श्रावणात ओलसर सावलीत रानहळदीची फुलं आणि जमिनीतून उगवणाऱ्या आमऱ्या. भाद्रपदात गौरी यायच्या तर तेरडा लागतो आणि कळलावीची लालपिवळी फुलं लागतात. अनेक घरांत तेरड्याची गौरच पूजली जाते. बाळगुटीत उगाळायची मुरुडशेंग झुडपावरच धरते. हिवाळा सरताना धायटी लाल होते. यातलं एकही नाव वृक्षाचं नाही आणि वृक्षलागवडीच्या अहवालांत यातलं एखादंही नाव तुम्हाला क्वचितच सापडेल.

आणि कारवी. सह्याद्रीच्या या भागातल्या झाडोऱ्याची ती खरी मालकीण. ती साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, काही डोंगरांवर सात. एकदा फुलली, बी धरलं, की मरते. सुकलेली बोंडं पुढच्या पावसाच्या ओलीनं तडतडून फुटतात, बी उडतं आणि वाळक्या काठ्यांच्या आडोशाला नवी पिढी रुजते. याच काठ्यांचे कूड करून, शेणामातीनं लिंपून मावळात घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. कारवी फुलण्याच्या वर्षी, बी धरायच्या आत एखाद्या उताराची साफसफाई झाली, तर त्या उतारावर कारवीच्या आख्ख्या पिढीचा निर्वंश होतो. सात वर्षांची तिची सगळी शिल्लक त्या एका हंगामावर लावलेली असते. कित्येक रोपवनांच्या देखभालीचा निधी कारवीचं एक आवर्तन पुरं होण्याआधीच संपतो. म्हणजे ज्याच्या हाती कोयता आणि हजेरीपट आहे, त्यानं ती जागा फुललेली कधी पाहिलेलीच नसते.

झाडोऱ्याला तण समजणारी ही नजर आली कुठून? १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढून आली, आणि पुढच्याच वर्षी डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन अधिकारी हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. रुळांखाली टाकायला स्लीपर हवे होते, जहाजांना साग हवा होता. त्याआधी १८४०च्या दशकात मलबारात निलंबूरला कलेक्टर कॉनोलीनं सागाची लागवड सुरू केली होती. ओळी, अंतरं, वयाचे गट, घनफुटांत उत्पन्न: हे शास्त्र लाकडाचा हिशेब चोख ठेवण्यासाठी जन्मलं आणि त्या कामापुरतं ते उत्तम होतं. त्यात झुडूप म्हणजे सागाच्या वाट्याचं पाणी पिणारा चोर. म्हणून निंदणी, छाटणी, पुन्हा निंदणी. शब्दही शेतातलेच आले, कारण रोपवन म्हणजे सावकाश वाढणारं शेत, अशीच कल्पना होती.

या नजरेला आव्हान पुण्यातूनच मिळालं होतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यावर त्यांनी जो राग धरला आहे तो खालच्या रानासाठी आहे. रानातली फळं खाऊन, पानंफुलं विकून आणि एखाददुसरी गायशेळी राखून जगणारी कुटुंबं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. डोंगर, दऱ्या, पडीक रानं खात्यानं घशात घातल्यावर या माणसांचं काय झालं, हा त्यांचा प्रश्न होता. आज पर्यावरणाच्या चर्चेत फुल्यांचं नाव क्वचित निघतं. मला मात्र महाराष्ट्रात झाडोऱ्याच्या बाजूनं उभा राहिलेला पहिला आधुनिक माणूस तोच वाटतो.

आता स्लीपर काँक्रीटचे झाले, पण मोजणी वरूनच राहिली. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी वनाच्छादनाचा अहवाल काढतं. त्याची व्याख्या अशी, की एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन असेल आणि तिच्यावर झाडांचं छत्र दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाडं कुठली, याचा संबंध नाही. या व्याख्येत आमराई बसते, निलगिरीचं शेत बसतं आणि आठशे वर्षांची देवराईही बसते. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत चार कोटी, तेरा कोटी आणि तेहेतीस कोटी अशी मिळून पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला. लाखो माणसं त्यात मनापासून उतरली, शाळेतल्या पोरांनी हातानं खड्डे भरले. त्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. नंतर जी चर्चा झाली ती मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: लावलेल्यांपैकी जगली किती? जगलेल्या झाडाखाली काय जगलं, हे कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न शेवळांच्या चवीपुरता असता तरी मला तो महत्त्वाचा वाटला असता. पण लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, त्यामुळे तो मातीचा आणि नदीचाही प्रश्न आहे. झाड पावसाचा मारा अडवतं, असं आपण शाळेत शिकलो. अर्धंच खरं आहे ते. सागाच्या थाळीएवढ्या पानावर बारीक थेंब एकमेकांत मिसळतात आणि मोठा टपोरा थेंब होऊन खाली येतात. आठ-दहा मीटरवरून पडताना त्या थेंबाला पुरेसा वेग येतो आणि उघड्या मातीवर तो हातोडीसारखा बसतो. खाली झुडूप असेल, त्याखाली गवत असेल, त्याखाली पाचोळा असेल, तर तोच थेंब तीनदा फुटून, मऊ होऊन जमिनीला टेकतो आणि मुरतो. नुसता खांबांसारखा उभा असलेला साग आणि खाली झाडून घेतल्यासारखी जमीन, अशा ठिकाणी पावसाळ्यात ओहोळ लाल वाहतो. जवळच्या कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते. तिच्यात उन्हाळ्यात पाणी राहायचं की नाही, हे मोठ्या अंशी या गुडघ्याएवढ्या उंचीच्या हिरव्या थरावर ठरतं.

मग रोपवनं नकोतच का? असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पोर्तो रिकोमध्ये एरियल लुगो या वनशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली आणि तिनं माझ्यासारख्या पुष्कळ जणांचा ताठा उतरवला. उजाड झालेल्या जमिनींवर लावलेल्या पाइन आणि महोगनीच्या जुन्या रोपवनांखाली तिथल्या मूळच्या जाती मोठ्या संख्येनं उगवून आल्या होत्या. एकाच परक्या जातीची लागवड, आणि तिच्या पोटात स्थानिक वैविध्य! कारण समजायला सोपं आहे. बोडक्या माळावर बुलबुल बसायला फांदी नसते. फांदी मिळाली की तो बसतो, आणि त्याच्या विष्ठेतून करवंद, तोरण, आसाणा यांचं बी पडतं. सावलीनं माती थंड राहते, बी करपत नाही. लावलेलं झाड इथं दाईचं काम करतं. दाईनं मात्र बाळ आपलं म्हणून धरून ठेवायचं नसतं, आणि बाळाला तण समजून उपटायचं तर मुळीच नसतं.

दाई कोण आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. गिरीपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी जगतं, हवेतला नत्र मातीत आणतं, भातशेतीला त्याचा पाला उत्तम. आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून डोंगरावर ते टिकतं. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. दाटीनं लावलं की ऐन पावसाळ्यात, खालच्या झाडोऱ्याला उजेड हवा असतो तेव्हाच, ते छप्पर घट्ट मिटून घेतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं वेगळं. तिचं पान म्हणून जे दिसतं ते चपटं झालेलं देठ असतं, चिवट. ते लवकर कुजत नाही आणि जमिनीवर त्याची सतरंजी पसरते. बी पडलं तरी मातीपर्यंत पोचत नाही. निलगिरीच्या पाचोळ्यातली द्रव्यंही अनेक बियांना सोसत नाहीत. या तिन्ही झाडांना मी दुष्ट म्हणत नाही. विरळणी केली, मध्ये मोकळे कप्पे ठेवले, आग लागू दिली नाही, तर त्यांच्याखालीही रान परतू शकतं. पण लावणाऱ्याच्या मनात ते परतणं असायला हवं. शेवटची मोजदाद शेंड्यांचीच होणार असेल तर विरळणी कोण करील?

खाली हिरवं दिसलं म्हणजे झालं, असंही नाही. रानमोडी नावाचं झुडूप उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलं. रान मोडणारी, हे लोकांनी तिला दिलेलं नाव कुठल्याही शास्त्रीय वर्णनापेक्षा नेमकं आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं फुलझाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली गेली. जिथं माती उकरली, झाडोरा साफ केला, वणवा लागला, तिथं या दोघी आधी पोचतात. कंबरभर दाट गचपण आणि त्यात एकच जात, हे रिकाम्या जमिनीइतकंच गरीब रान. म्हणून मी वैविध्य म्हणतो आहे. हातभर जागेत किती जाती शेजारी शेजारी नांदतात, ते पाहायचं आहे.

आता मदरशाची वाट.

मुसलमान मुलांच्या धार्मिक शिक्षणात तंत्रज्ञान आणण्याची चर्चा आपल्याकडे गेली काही वर्षं चालू आहे, आणि ती ऐकताना मला सतत रोपवन आठवतं. एक गैरसमज आधी बाजूला करतो. सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं, की शाळेच्या वयातल्या मुसलमान मुलांपैकी फक्त तीन टक्क्यांच्या आसपास मुलं पूर्णवेळ मदरशात जातात. बाकीच्यांपैकी बहुतेक तुमच्याआमच्या मुलांच्या शेजारच्या बाकावर असतात आणि त्यांतली पुष्कळ सकाळी किंवा संध्याकाळी तासभर मशिदीतल्या मकतबात जातात. मदरशाचं आधुनिकीकरण म्हणजे सगळ्या समाजाचं शिक्षण सुधारलं, असं समजणाऱ्यांची गणितातच चूक होते.

महाराष्ट्रात २०१३ पासून डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी शिकवायला शिक्षक आणि पायाभूत सुविधांना अनुदान, असं तिचं स्वरूप. सरकारी मदतीबाहेरही प्रयोग झाले. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुव्याला, गुलाम मोहम्मद वस्तानवींनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. कुराण मुखोद्गत करून घेणाऱ्या या मदरशाच्या आधारानं पुढे औषधनिर्माणशास्त्राचं, अभियांत्रिकीचं महाविद्यालय निघालं, जालना जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्या संस्थेबद्दल कुणाचं काहीही मत असो, लावलेल्या एका झाडाखाली दुसरं काही उगवू दिलं तर काय होतं, याचा तो दाखला आहे.

पण चर्चा बहुतेक वेळा किती संगणक दिले, किती टॅब वाटले, वर्गात पडदा बसला की नाही, यातच संपते. खड्डे किती खणले, तसंच हे.

हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ करणं, कसं चालतं ते पाहा. सहा हजारांहून जास्त आयती. मूल रोज नवा पाठ देतं, तो सबक. अलीकडचे पाठ परत म्हणतं, ती सबकी. आणि आधीचं सगळं पाळीपाळीनं फिरवत राहतं, ती मंजिल. समोर उस्ताद बसलेला असतो आणि ऐकत असतो. कुठला उच्चार घशाच्या तळातून यायला हवा, कुठला जिभेच्या टोकावरून, ते तो मुलाच्या ओठांकडे पाहून दुरुस्त करतो. आता फोनवरची ॲप पठण ऐकून चुकलेला शब्द दाखवतात. हे काम ती झपाट्यानं शिकत आहेत आणि मला त्याचं मोल वाटतं. ज्या वस्तीत चांगला कारी, म्हणजे शुद्ध पठण शिकवणारा, नाही, ज्या घरातल्या मुलीला बाहेर जाता येत नाही, तिथं हा मोठा आधार आहे. पण आज हा मुलगा अडखळतो आहे तो पाठ कच्चा म्हणून, की रात्री घरात भांडण झालं म्हणून, हे समोर बसलेल्या माणसाला कळतं. मूल प्रश्न विचारतं ते त्याला. चांगला उस्ताद कधी उत्तर देतो, कधी मला ठाऊक नाही असंही सांगतो. पाठांतराच्या सावलीत हे जे उगवतं, ते मला या शिक्षणाचं शेवळं वाटतं.

तंत्रज्ञान आलं की हे मरतंच, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिळाछापाचे कारखाने निघाले आणि अरबी, फारसी, उर्दू पुस्तकांचा तो मोठा बाजार झाला. खिळ्यांच्या छपाईत नस्तालीक लिपीची एकमेकांत गुंतलेली, उतरती अक्षरं नीट बसत नव्हती. शिळाछापानं कातिबाचा, म्हणजे हातानं मजकूर लिहिणाऱ्याचा, हात आहे तसा दगडावर उतरवला. यंत्र आलं आणि हातही राहिला. उर्दू वर्तमानपत्रं तर १९८०च्या दशकापर्यंत कातिबच लिहीत होते. यंत्र निवडताना खालचं काय जपायचं आहे हे ठाऊक होतं, म्हणून हे साधलं.

उलटही घडतं. मशिदीतला ओळखीचा उस्ताद दूर गेला आणि त्या जागी हातातल्या फोनवर अनोळखी वक्त्यांच्या मिनिटभराच्या चित्रफिती आल्या, तर ती रानमोडी आहे. उकरलेल्या मातीत ती सगळ्यांच्या आधी रुजते. आणि हे एका धर्मापुरतं नाही. कुरवंड्याहून निघालेली इंद्रायणी देहूवरून आळंदीला जाते. तिथं विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथंही मुलं पाठ करतात, समोर बसून पखवाज शिकतात, थोरांच्या मागे उभी राहून टाळ धरतात. त्या नात्याच्या जागीही फोन येऊ शकतो, आणि त्यातून येणारं धर्मज्ञान तितकंच उथळ आणि तितकंच भडक असू शकतं. एकाच नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या दोन्हीकडच्या आईबापांना ही काळजी सारखीच आहे. त्यांनी ती एकमेकांशी बोलावी, असं मला फार वाटतं.

सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये मदरशातल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि बी.एड. शिक्षकांचं आठ हजारांवरून अठरा हजार केलं. निवडणुकीच्या तोंडावरचा निर्णय म्हणून त्यावर टीका झाली. माझ्या लेखी त्या संपूर्ण योजनेतली ही सर्वांत शहाणी ओळ होती, कारण ती यंत्रावर नाही, मुलासमोर बसणाऱ्या माणसावर खर्च झाली. सहा हजारांत कुठला शिक्षक थांबला असता?

परत रानाकडे येतो, कारण झाडोऱ्याच्या विरुद्ध जी खरी कारणं दिली जातात त्यांना उत्तर द्यायला हवं. साप. घोणस आणि फुरसं यांची भीती मावळातल्या माणसाला पुस्तकातून कळलेली नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला वैविध्याचं महत्त्व सांगायला मी धजणार नाही. घराच्या, गोठ्याच्या, पायवाटेच्या आसपास जागा मोकळी ठेवायलाच हवी. बिबट्याची भीतीही तशीच. आणि वणवा: सुकलेलं गवत आणि पाचोळा साचला की एका ठिणगीत डोंगर जातो, हे खरं आहे. त्यावर जाळरेषा हा उपाय आहे, योग्य जागी, योग्य वेळी पट्टा मोकळा करायचा. पण वणवा लागेल म्हणून सगळं रानच झाडून काढणं, चोर येईल म्हणून घरातली भांडीकुंडी आधीच विकून टाकण्यासारखं आहे. शिवाय वणव्यानंतर आधी उगवते ती रानमोडी, आणि ती सुकली की पुढच्या वणव्याला सरपण तिचंच.

औंढे, कुसगाव, पवना धरणाच्या काठापर्यंतचा पट्टा आता बंगल्यांचा झाला आहे. प्लॉट घेतला की पहिलं काम जेसीबी. दोन दिवसांत जमीन तळहातासारखी होते. मग लॉन, मग कुंपणाला परदेशी शोभेची झाडं, आणि पाटीवर निसर्गाचं नाव. शहरातून आलेल्या या माणसाला निसर्ग मनापासून हवा असतो, म्हणून तर तो इतका पैसा ओततो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, की त्या जेसीबीच्या फाळाखाली जमिनीतले शेवळांचे कंद होते, फोडशीचे गड्डे होते, आमऱ्या होत्या, आणि नर्सरीतून आणून ते परत लावता येत नाहीत.

जपणूक कशी करायची हे या तालुक्याला नवं नाही. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा जगाला कळलं, की इथल्या साध्या गावांनी शेकडो वर्षं काय राखलं होतं. मावळातली अजिवलीची वाघजाईची देवराई भेरली माडांसाठी ओळखली जाते. देवराईचा जुना नियम कडक होता: पडलेली काटकीही उचलायची नाही. सगळा डोंगर देवराई करता येणार नाही, गावाला चारा हवा, सरपण हवं. पण प्रत्येक रोपवनात काही पट्टे असे ठेवता येतील, जिथं रोपाच्या आळ्यापलीकडे निंदणी नाही, जिथला पाचोळा कुणी झाडायचा नाही आणि जिथं कारवीचं एक संपूर्ण आवर्तन होईपर्यंत कोयता जायचा नाही. आणि जिथं मुळात गवताळ माळ किंवा उघडा सडा आहे, तिथं झाडं लावूच नयेत. सड्यावर पावसात जी इवलीशी फुलं येतात त्यांना सावली हा मृत्यू आहे.

मोजायचं कसं, याची पद्धत साधी आहे. सुतळीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात जितक्या जाती दिसतील तितक्या लिहायच्या. झुडपांसाठी पाच मीटरचा चौकोन. जाणकार म्हातारी सोबत असली तर नावांना अडत नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत रोपवनांची पानं घाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं आणि मकतबातली पोरं पुष्कळदा तीच असतात. त्यांना एका शनिवारी सुतळी घेऊन डोंगरावर न्या. फोनवर फोटो काढू द्या, नावं शोधू द्या. मात्र सोबत त्या कातकरी बायकांपैकी एखादीला मानधन देऊन न्या, शिक्षक म्हणून. वनखात्याच्या अहवालात ‘जिवंत रोपे’ या रकान्याशेजारी ‘आपोआप उगवलेल्या जाती’ असा रकाना वाढवायला कायदा बदलावा लागत नाही.

आणि औंढ्यात किंवा आसपास तुमची स्वतःची जमीन असेल, तर येत्या मे महिन्यात जेसीबी बोलावू नका. जूनचे पहिले पंधरा दिवस जाऊ द्या. पाऊस पडून गेल्यावर सकाळी एकदा, सावकाश, खाली बघत त्या जमिनीवरून चालून या. काय उगवलं आहे ते पाहा, आणि मग काय काढायचं ते ठरवा.